वेटिंगसकट

बँकेच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे
तो माणूस शिरपूरला लग्नाला गेलेला,
म्हणून ऑडिट उद्यावर.
लॉजच्या मॅनेजरने स्पेशल रिक्षा ठरवून दिली,
दुपार ते दिवेलागण, सहाशे, वेटिंगसकट.
धुळ्यात पाहण्यासारखं काय, विचारलं
तर तो पंख्याकडे बघत राहिला.

रिक्षाच्या पाठीवर नाव : सुपडू.
खाली बारीक अक्षरात : घाई असेल तर वरून जा.
काचेवर ओला टॉवेल, माझ्या पायाशी
गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन.
"ताई, तुमले काय दखाडू?"
जे आहे ते, मी म्हटलं.
"आठे काहीच नही शे,"
त्याने दांडा ओढला, रिक्षा थरथरली,
"पन बठं शे."

इथल्या गल्ल्यांना आकडे.
मला बरं वाटलं, आकड्यांशी माझं जमतं.
चार नंबरात त्याने वेग कमी केला,
इथे पिंजाऱ्याची तात वाजायची म्हणाला
आणि तोंडानं वाजवून दाखवली,
सायकलवरचं पोरगं खांबाला धडकता धडकता राहिलं.
पाच नंबरात एक बंद शटर.
त्याची पहिली नोकरी, सोड्याच्या बाटल्या धुण्याची.
किती दिवस?
तेरा. चौदाव्या दिवशी गोटी गिळली.
पाचकंदीलपर्यंत आम्ही दोघंही
वेगवेगळ्या बाजूला बघत हसत होतो.

किल्ला राहिला की, मी म्हटलं.
त्याने पुलावर थांबून बोट केलं :
लळिंग, दक्षिणेला, उन्हात विरघळलेला उंचवटा.
तो काय, कुठे जात नाही.
खाली पांझरेत पाण्यापेक्षा
वाळत घातलेल्या चादरी जास्त.

मग एका बोळाच्या तोंडाशी, काही न सांगता,
इंजिन बंद.
मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
इथे घर होतं.
त्याच्याआधी तिघं, एकही बारशापर्यंत पोचलं नाही.
चौथ्याला सुपात घालून उंबऱ्यात ठेवलं,
मरणाने पाखडलं तरी
फोलपट समजून सोडून द्यावं म्हणून.
शेजारच्या जैनबबी दाईनं ओंजळभर ज्वारी देऊन
ते सूप विकत घेतलं,
आणि आईनं तिच्याकडून त्याला मागून आणलं,
सांभाळायला.

मी सवयीनं विचारलं,
ज्वारी परत केली का?
तो बराच वेळ मागे वळून माझ्याकडे बघत राहिला.
हे त्याला कुणी विचारलं नसावं.
"नही," म्हणाला. "रांधी खादी व्हई."

पाच वाजले. त्याने घड्याळ बघितलं,
कान खाजवला,
ताई, दहा मिनिटं, म्हणाला, जरा वेटिंग तुमचं.
एका क्लासच्या जिन्याखाली
मी रिक्षात एकटी, टॉवेल वाळून कडक,
आणि सहाशे रुपयांत बसवलेली मीच
कुणाची तरी वाट बघत.
तो उतरला एका मुलीचं दप्तर घेऊन.
निलोफर, जैनबबीची पणती, सातवी ब.
रोज सोडतो, आणतो. पैशांचा विषय नाही.
ती माझ्याशेजारी बसली, मला आपादमस्तक तपासलं.
"यांना शिव्या देणारा पोपट दाखवला का?"
नाही.
"मग काय दाखवलं, चाचा?"

पोपट झोपला होता.
तिने गजांमधून पट्टी घालून त्याला उठवला,
त्याने तिघांनाही एकेक शिवी दिली, माझी जरा मोठी.
मग तिला घरी सोडलं, मग लॉज.

पावती हवी म्हटल्यावर
सुपडूने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं,
गुडघ्यावर ठेवून, ओठ हलवत लिहिलं.
सहाशे.
वजा चाळीस, ताईंचं वेटींग.
मी भांडले. तो ऐकेना.
वेटींगची वेलांटी त्याने दीर्घ काढली होती,
ती मात्र मी दुरुस्त केली नाही.