मधल्या धारेचा नमुना

पावणेसहा. घणसोली, सेक्टर सात, चौथा मजला.
मी मोरीत उकिडवा बसलोय,
हातात लाल झाकणाची निर्जंतुक बाटली,
समोर बदकाच्या आकाराच्या भांड्यावर शाल्मली,
वय साडेतीन, अर्धी झोपेत, अर्धी रुसलेली.

'पहिली धार जाऊ द्यायची, मधली धरायची,'
फडणीस बाईंनी सांगितलं होतं
चहात साखर किती, हे सांगावं तसं.
नळ बारीक सोडलाय. मी तोंडानं सूऽऽ करतोय.
बाहेरून हर्षदा विचारते, झाली का?
बदकाच्या एका डोळ्याचा रंग उडालाय,
तेवढंच दिसतं.

दहा महिन्यांत चौथ्यांदा.
सर्दी नाही, खोकला नाही, आणि एकशे तीन ताप,
हे आता आम्हाला पाठ आहे.
एकदा गौरीजेवणाच्या दुपारी.
एकदा मेव्हण्याच्या साखरपुड्यात,
नव्या फ्रॉकमध्ये, सगळ्यांसमोर,
'आग होतेय, आग होतेय.'
सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.
हर्षदा म्हणाली, तू तिला नीट धुत नाहीस.
मी म्हणालो, प्रवासात डायपर कोणी बदलला नाही?
मग रात्री दोनला दोघंही उठलो
गुलाबी औषधाचा एकच चमचा धरायला.

नोकरी माझी नेरूळला, सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत.
अकरा वर्षं बाटल्याच भरतोय:
आत येणारं पाणी, खाडीकडे जाणारं पाणी,
तारीख, वेळ, सही.
ई. कोलाय मी लांबूनही ओळखतो,
काचेच्या ताटलीत हिरवट झळाळी येते त्याला,
माशीच्या पाठीसारखी.
सगळ्या शहराच्या पोटातून येतो बिचारा,
त्याचा राग कधी आला नव्हता.
पहिल्या रिपोर्टवर त्याचंच नाव छापलेलं,
पुढे, 'एक लाखाहून अधिक'.
रोज नमस्कार करतो त्या शेजाऱ्याला
आपल्याच खिडकीतून उतरताना बघावं, तसं झालं.

गुरुवारी नळी घालून फोटो काढणार आहेत,
लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, ते बघायला.
बाईंनी पॅडवर आकृती काढून दाखवली.
मला व्हॉल्व्ह कळतात. उलटं पाणी अडवणारे
मी रोज तपासतो, चाकाएवढे.
इतके छोटे असतात, हे माहीत नव्हतं.

'कर ना गं, लवकर कर.'

ती मान वर न करता म्हणते,
'मावशी पण असंच म्हणते.'
कोण मावशी?
'शाळेतली. लवकर करा, लवकर करा, मागे लाइन आहे.
मग माझी शू घाबरते. आत जाऊन बसते.'
मग तू काय करतेस?
'घरी आणते.'

सकाळी नऊपासून दुपारी दीडपर्यंत.
पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची
आणि आम्ही तिला रागवायचो.

मी नळ बंद केला.
फरशीवर मांडी घालून बसलो, पँट भिजली.
म्हटलं, आज लाइन नाही. मागे कोणी नाही.
बदक आहे फक्त, आणि त्याला कुठे जायचं नाहीये.
सहा दहाची कंपनीची गाडी
खाली दोनदा हॉर्न देऊन गेली.
हर्षदानंही दारापलीकडून विचारणं सोडलं.

मग अगदी बारीक, तुटक.
निम्मी बाटलीत, निम्मी माझ्या मनगटावर,
मधली कुठली नि पहिली कुठली, देव जाणे.
गरम.

झाकण तिनंच लावलं. तिरकं.
लेबलवर नावाच्या जागी एक गोल काढला,
त्याला दोन पाय.
ती दात घासायला वळल्यावर
मी झाकण काढून पुन्हा बसवलं
आणि घट्ट केलं.