एकच नग

स्विदनीकच्या मैदानात रणगाडे ओळीने उभे,
दर मे महिन्यात त्यांना हिरवा रंग नव्याने.
शेवटचा मात्र रणगाडा नाही:
पुढे फाळ, फाळापुढे साखळ्यांचा रूळ,
तोफेच्या जागी झाकण ठोकलेलं भोक.
पाटीवर – सुरुंग-सफाई वाहन. प्रायोगिक. एकच नग.

व्हेंदेलीन दर गुरुवारी येतो, तिकीट काढून.
म्हाताऱ्यांना अर्धं असतं; तो पूर्ण देतो.
गुडघा धरत वाकतो,
डाव्या पट्ट्यामागचा सांधा अंगठ्याने चाचपतो.
वेल्डिंग तिथे जरा फुगलंय.
त्या दिवशी हात हलला होता.
तपासनिसाने पाहिलं, आणि सही केली.

शाळेच्या सहलीतला एक मुलगा विचारतो,
आजोबा, हिने किती मारले?
कुणालाच नाही.
चाचणीला दोनदा पळाली,
तिसऱ्या खेपेला पैसे संपले,
मग देशच संपला.
मग ठेवलीय कशाला?

कुंपणापलीकडे बटाट्याचं शेत आहे.
सत्तेचाळीस साली तिथेच
मातुश, त्याचा थोरला, गाय वळवायला धावला होता.
गाय परत आली.

चाळीस वर्षं उशिरा यानं हे यंत्र जोडलं.
तेही पोचलंच म्हणायचं,
शेताच्या शंभरेक पावलं अलीकडे,
सिमेंटच्या ओट्यावर.

रात्री पाऊस झालाय. साखळ्यांत गोगलगाई.
मुलगा एक उचलतो.
हळू, म्हणतो व्हेंदेलीन,
आणि कुंपणाकडे पाठ करून
टोपी झटकत राहतो, कोरडी असून.