कुलपाचा आकडा

लिझेल, तू येण्याआधी
मी गाडीतच जेवायचे. एका हातात सँडविच,
खांद्याने कानाशी दाबून धरलेला फोन,
डुलुथच्या चढावर बर्फावरून घसरणारी चाकं,
आणि मांडीवर किल्ल्यांचा जुडगा,
कुठली कुणाची ते किल्ल्यांनाच ठाऊक.

एकदा तर एका नवरा-बायकोला
त्यांनीच विकायला काढलेलं घर
बघायला बोलावलं मी.
आली बिचारी. स्वतःच्याच स्वयंपाकघरात
पाहुण्यांसारखी उभी राहिली.
तो म्हणाला, "ओटा जरा लहान वाटतो."
तेव्हा हसू आलं नाही. रात्री आलं,
रडून झाल्यावर.

मग तू. इलोइलोहून,
पडद्यावरची एक चौकट, तिच्यामागे हिरवं कापड.
माझे सकाळचे नऊ, तुझे रात्रीचे अकरा.
पहिला आठवडा तू काही विचारलं नाहीस,
नुसता पसारा उपसलास:
चारशे बारा न उघडलेली पत्रं,
तीनदा लिहून ठेवलेली एकच भेट,
आणि कुणी श्रीमती ओयेन, ज्यांना मी
ऑगस्टात "उद्या कळवते" म्हणाले होते.
जानेवारी चालू होता.
तू फोन केलास. त्या थांबल्या होत्या म्हणे.
त्या एका फोनचं कमिशन
तुझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढं.
हे गणित मी मांडलं
आणि कागद पालथा घातला.

वाइनो हाकाला रोज दुपारी फोन करायचे,
"कुणी येऊन गेलं का?"
तो नंबर दिसला की मी दुसरीकडे बघायचे.
तू उचलायचीस, तुझ्या पहाटे चारला.
किंमत सोडून सगळं बोलायचात तुम्ही,
केळीच्या पानातला भात,
त्यांच्या बायकोने लावलेले गुलाब
थंडीत कशाने झाकायचे,
तळघरातली वाफेची खोली
कुठल्या लाकडावर नीट तापते.

मी लिहिलं असतं: तीन बेडरूम, तळघर,
खिडकीतून तलाव.
तू खाली जोडलंस:
"वाफेच्या खोलीतली फळी एका टोकाला झिजली आहे.
ती बदलू नका. चाळीस वर्षं
तिथे एक माणूस बसत आला आहे."
हे काय, खोड ते, असं म्हणणार होते.
विसरले. आणि त्याच वाक्यावर
एक जोडपं साठ मैलांवरून आलं.
आधी तळघरात गेलं.

त्या महिन्यात इमिलचा हॉकीचा सामना
मी पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला.
हरले ते. पण किती गोलांनी,
हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

मार्चमध्ये वाऱ्याने तुझं हिरवं कापड सरकलं.
मागे दार. दाराला आतून वीट टेकवलेली.
"कडी मोडलीये," म्हणालीस,
"मालक बघतो म्हणतात."
आणि लगेच, "टेकडीवरच्या घराचा आकडा हवाय ना, मॅम?
चार, सहा, शून्य, नऊ."
सदुसष्ट कुलपांचे आकडे तुला तोंडपाठ.
आणि मी, सवयच वाईट,
मनात जाहिरात लिहायला बसले होते:
एक खोली, हवेशीर, दार...
तिथे अडले.

पगार वाढवला. फार नाही, खरं सांगते.
कडीचे पैसे निराळे पाठवले.
तू पावती पाठवलीस, चार स्क्रूंच्या किमतीसकट,
आणि उरलेले परत.

आज नऊ वाजून गेले तरी चौकट काळी.
दहा मिनिटांनी उघडली. मागे ठकठक.
"एक मिनिट, मॅम. भाऊ कडी बसवतोय.
रात्रीचाच मोकळा असतो तो."
बसव म्हणावं.
फोन वाजत होता,
माझ्या टेबलावर आणि तुझ्या कानात, एकच फोन.
दोघींपैकी कुणीच उचलला नाही.