दर ग्रोसला

डब्यावर लिहिलंय : वय वर्षे आठ आणि पुढे.
मी चौतीस.
असल्फा, रविवार, दुपारचे तीन.
लादीवर पसरलेला कालचा पेपर
आणि त्यावर एक टिंगू रोबो,
म्हणजे अजून रोबो नाही,
चार चौकटींत विखुरलेला :
निळी, पांढरी, करडी आणि एक एवढीशी पिवळी.
तुकडा न् तुकडा आपापल्या नंबरापाशी
देठाला धरून, काकडी वेलीला असते तसा.

आईने मालिकेचा आवाज कमी केला.
"हे कापायचं कुणी?"
मी.
"किती मिळणार?"
मिळणार नाही गं. मीच दिले. अकराशे.

ती हसली नाही.
मग हसली, इतकी
की शेजारच्या नाझनीनभाभी पडदा सारून बघून गेल्या.

खैरानी रोडच्या गाळ्यातून गोणी यायची.
बुचं, शिट्ट्या, केसांच्या क्लिपा,
एका दिवाळीत तर नुसते बाहुल्यांचे हात,
सगळे डावे.
उजवे दुसऱ्या कुणाच्या घरी जात असणार.
ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस
हे मला शाळेआधी येत होतं.
ग्रोसला सव्वा रुपया,
काठाला कुसळ राहिलं तर माल परत.
मी शिट्टी तोंडात घातली की ओरडायची,
उष्टी करू नकोस, मोजायच्यात.

माझं निपर साडेचारशेचं.
तिने कपाटावरच्या डब्यातून अर्धं ब्लेड काढलं,
पाठीला काळी चिकटपट्टी, तीच, बहुतेक.
"दोनदा कापायचं. आधी लांबून,
मग अंगालगत. घाई केलीस तर पांढरा डाग पडतो."
हेच सांगायला व्हिडिओतल्या माणसाने
बावीस मिनिटं घेतली होती.

पुस्तिका जपानी.
त्यामुळे घरात कुणी जास्त शिकलेलं नाही.
बाण बघायचा, नंबर शोधायचा.
ती कापत गेली, चष्मा न लावता, अंगठ्याने काठ तपासत,
आणि तुकडे माझ्याकडे सरकवत गेली
दहा-दहाच्या ढिगाने.
मी म्हटलं, थांब, हा तू लाव.
"मी?"
खांद्याची खाच, दंडाची गोळी.
टक्.
तिने हात पुन्हा उपसून काढला.
पुन्हा लावला. टक्.
नऊ वर्षं गोण्या आल्या-गेल्या या दारातून,
जोडायचं काम तिच्याकडे कधी आलंच नव्हतं.

"डोकं केवढं याचं! पाय बघ, चिमटीएवढे.
हा कामावर कसा जाणार?"
नाही जात. असाच असतो, मुद्दाम.
"बरं आहे," ती म्हणाली,
आणि डोळ्यांचं स्टिकर लावताना
श्वास धरून बसली.

रिकाम्या चौकटी तिने सुतळीने बांधल्यात,
भंगारात किलोला काय देतात विचारणार आहे.
एक पिवळा तुकडा उरला.
पुस्तिका तीनदा उलटसुलट पाहिली,
कुठला ते लागेना.

रोबो फ्रीजवर उभा आहे, जरा डावीकडे कलून.
दिवा घालवल्यावर, अंथरुणातून, बऱ्याच वेळाने :
"माल परत येईल हं."