कुंभारवेस

कुंभारवेस म्हटलं की कंडक्टर तिकीट फाडतो,
मान वर न करता.
वेस कुठे आहे ते त्याला विचारू नये.
मीही एकतीस वर्षं नगर भूमापनात काढली,
साखळी ओढली, खुणेचे दगड रोवले,
भावाभावांत वीतभर जमिनीवरून उठलेले हात खाली आणले,
पण या वेशीची मोजणी कुणी मागितली नाही,
म्हणून केली नाही.

मे महिन्यात भाचीकडे गेले, इटलीत.
गावाचं नाव लुक्का.
"काय? लुच्चा?" बिवलकरबाईंनी जिन्यातूनच विचारलं,
मग सगळ्या बिल्डिंगनं.

तिथे गावाला अजून तट आहे.
दरवाज्यात शिरलं की अंधार, ओल, गार दगड,
आणि पलीकडे एकदम पावाचा वास.
जिना चढून गेले, तर तटावर चक्क रस्ता!
आपण जिला फांजी म्हणतो,
गडावर दोन माणसं अंग चोरून जातील एवढी,
ती तिथे इतकी ऐसपैस
की झाडांच्या रांगा, मधून सायकली, बाबागाड्या,
आणि कुत्र्याशी कडाकडा भांडणारे एक आजोबा.

सव्वाचार किलोमीटरचा फेरा.
पावलं मोजली, सवयच ती.
साडेतीन हजारांच्या पुढे कुठेतरी चुकले,
कारण बुरुजावरून एका मुलीनं मला हात केला,
दुसरंच कुणी समजून.

आतल्या अंगाला वाळत घातलेले पायजमे,
आणि एका मनोऱ्याच्या डोक्यावर झाडं.
आपल्याकडे गच्चीत पिंपळ उगवला
तर आपण महापालिकेत अर्ज करतो.
त्यांनी तिकीट लावलंय.

एक गल्ली चुकले आणि लंबगोल चौकात निघाले.
तिथे पूर्वी आखाडा होता.
आखाडा गेला, घरांनी त्याचं वळण सोडलं नाही,
पंगत उठून गेल्यावर
पाटांनी धरून ठेवलेली ओळ असते तशी.

हे सगळं मी निवृत्ती करड्यांना सांगितलं,
तांबट आळीत, पातेलं आणायला गेले तेव्हा.
त्यांचं मठारकाम चालूच होतं,
ठोक्यांच्या मधल्या फटींतून मी बोलत होते.
मग एक ठोका चुकवून त्यांनी विचारलं,
"एवढी भिंत. आलं का कुणी चालून?"

नाही.
बांधल्यापासून एकही फौज नाही.
एकदा नदी आली.
दरवाजे लावून घेतले, म्हणे, फटींत गाद्या कोंबल्या,
आणि बाहेर राहिलेल्या सरकारबाईंना
यारीनं उचलून तटावरून आत घेतलं.

मला वाटलं, हसतील.
त्यांनी हातोडा खाली ठेवला.
"एकसष्ट साली मी सहा वर्षांचा.
आमच्या घागरी गेल्या. बुडल्या नाहीत,
एकमेकींवर आपटत, वाजत गेल्या.
आई उंचावर उभी राहून मोजत होती.
बावीसपर्यंत ऐकू आल्या."

मग आम्ही बाहेर पडलो. ठरवलं नव्हतं.
त्यांनी चपला सरकवल्या, माझ्या हातात पातेलं,
आणि जुन्या कोटाची रेघ धरून निघालो,
म्हणजे जिथे रस्ता उगाच चढतो,
जिथे गल्ली काही कारण नसताना वळते,
जिथे शेजारच्या दोन जोत्यांचं एकमेकांशी पटत नाही.
मध्ये आडवी स्कूटर,
मध्ये पॅथॉलॉजी लॅब, रिकाम्या पोटी बसलेली माणसं.
कागदावर यातलं काहीही सिद्ध झालं नसतं.
मी सही केली नसती.

नदी दिसायच्या जरा अलीकडे करडे थांबले.
"इथे असावी."
पीएमटीचा खांब, खांबाला टेकलेली चेन पडलेली सायकल,
दप्तर घेऊन उभा एक पोरगा.
त्यांनी माझ्या हातून पातेलं घेतलं,
बोटाच्या पेरानं वाजवलं,
आवाज पाण्याच्या दिशेनं जाऊ दिला.

आणि मग वळून आत आले,
मान किंचित वाकवून,
कमान अजून तेवढ्याच उंचीवर असल्यासारखी.