भोकं नसलेलं टेबल

बुधवारी शाळा दुपारीच सुटते,
आणि माझ्या कॅफेच्या मागच्या खोलीत
सहा जोड ओले बूट भिंतीशी लागतात.
लेये नदीवरचं धुकं
मुलांच्या कोटांवर बसून आत येतं.
बिअर मागायला अजून कुणी आलेलं नसतं.

ओडील आधी काहीच शिकवत नाही.
"हात ठेवा," म्हणतो, "कापडावर."
मुलं हात ठेवतात आणि दचकतात.
टेबल ऊबदार आहे!
हिरव्या कापडाखाली पाटीचा दगड, दगडाखाली तारा,
मंद तापत राहणाऱ्या, रात्रंदिवस.
विजेचं बिल मी भरते, म्हणून मला पक्कं ठाऊक.
"गार दगडावर चेंडू आळसावतो," ओडील सांगतो,
"सकाळी तुम्ही आळसावता तसा."

तिबो टेबलाभोवती दोन फेऱ्या मारतो,
वाकून कडेखाली बघतो.
"भोकं कुठायत?"
"नाहीत."
"मग चेंडू जातात कुठे?"
"कुठेच नाही. जायचं कशाला?
तीन आहेत. पांढरा, पिवळा, तांबडा.
तुझ्या पांढऱ्यानं दोघांना भेटून यायचं.
एकाला भेटला, दुसऱ्याला चुकला, तर शून्य."
नूहैलाला हे लगेच पटतं.
तिच्या दोन्ही आज्या एकाच गल्लीत राहतात.

वानेसची काठी वानेसहून वीतभर उंच.
त्याला मी बिअरचा रिकामा क्रेट देते, उभं राहायला.
निळा खडू काठीच्या टोकाला लावायचा असतो,
तो सगळ्यांच्या नाकाला लागलेला.
फसलेला टोला मला गल्ल्यावरूनही ऐकू येतो:
टक्,
आणि मग नुसतं कापड.
"फाडलंत तर लग्न होईस्तोवर कपबशा विसळाल,"
मी आतून ओरडते.

"धडकू नकोस त्याला," ओडील म्हणतो,
"घाईत असताना बाजारात ओळखीचं कुणी दिसतं ना,
तसं खांदा घासून पुढे जा.
नमस्कार तर झाला पाहिजे,
पण थांबायचं नाही."

आता डाव्या हाताची बैठक.
तळवा खाली, अंगठा-तर्जनीचं कडं,
कड्यातून काठी यावी-जावी
सुईतून दोरा जावा तशी.
ओडीलच्या डाव्या हाताला अनामिका नाही.
अळशीच्या गिरणीत गेली, एकोणिसाव्या वर्षी, रुळांच्या दातांत.
नाव नसलेलं बोट, त्याचं काय सांगायचं,
असं तो मला एकदाच म्हणाला होता.
मुलांनी विचारलं नाही.
मुलांनी फक्त बघितलं.

तिसऱ्या बुधवारी गरम चॉकलेटचा ट्रे घेऊन मी दारात थांबले.
टेबलाच्या कडेनं सहा डावे हात,
आणि प्रत्येकावर चारच बोटं.
एकेक मुडपून तळव्याखाली घातलेलं,
वानेसच्या तर मनगटाला पेटका आलेला,
तरी हलत नव्हता.
त्यांना वाटलं, खेळतात ते असंच.

ओडीलनं काठीला खडू लावला.
लावलेल्यावर पुन्हा लावला.
बराच वेळ लावत राहिला.
मग म्हणाला, जरा घोगऱ्या आवाजात,
"पाच दिलीत देवानं. पाचही वापरा की."
पाच हात उमलले.

फेनेचा नाही.
ती तशीच वाकली, बोट मुडपून,
जिभेचं टोक ओठांत धरून.
पांढरा निघाला. पिवळ्याला नुसता घासला.
एक कड, दुसरी कड,
मग इतका सावकाश
की नूहैलानं डोळेच मिटून घेतले.
तांबड्यापाशी पोचला तेव्हा
त्याच्यात फुंकरीएवढासुद्धा जोर नव्हता.
लागला की नाही?
तिबो म्हणतो आवाज झाला,
वानेस म्हणतो नाही झाला,
हा वाद अजून मिटलेला नाही.

ओडील भिंतीशी गेला.
तारेवरचा एक पितळी मणी
अलीकडून पलीकडे सरकवला.

माझ्या ट्रेमध्ये चॉकलेटवर साय धरली होती.
प्यायला कुणी आलं नाही.