चौथऱ्याची जागा

मे महिन्यात, चोपड्यात पारा पंचेचाळीसवर असताना
मी अकरा नंबरच्या वर्गातला चौथरा फोडायला लावला.
हिलाल मिस्तरीने घण टेकवून विचारलं,
"मॅडम, आते सरसनी कोठे हुभं ऱ्हावानं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं,
परिपत्रक होतं.

एप्रिलात याच चौथऱ्यावरून
मी सगळ्या प्राध्यापकांना पावणेदोन तास समजावलं होतं
की सलग बोलत राहणं म्हणजे शिकवणं नव्हे.
कुणी अडवलं नाही.
वारके सर डुलक्या घेत होते.
पाचपांडे बाईंनी वाक्यन् वाक्य उतरवून घेतलं.
नंतर ती वही पाहिली:
समास, तारीख, अधोरेखित मथळा,
आणि एकही प्रश्नचिन्ह नाही.

बाकांचे नटबोल्ट गंजलेले.
आधी रॉकेल, मग पाना, मग शिवी.
बाकांखाली निघालं
कंपासचं झाकण, शेंगांची टरफलं,
आणि घडी घातलेली एक चिठ्ठी:
'सर काय म्हणाले?'
खाली दुसऱ्या अक्षरात:
'माहीत नाही. लिही.'
ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

जुलैत मुलं आली,
सुटे बाक ओढून त्यांनी
पुन्हा रांगाच लावल्या,
तोंडं फळ्याकडे.
त्यांना काय बोलू?
बालवाडीपासून आपण तेवढंच तर नीट शिकवलं.

वारके सर केबिनमध्ये आले.
भूगोलाच्या नोट्स, कडा पिवळ्या,
सदतिसाव्या पानावरचा तो ठरलेला विनोद.
म्हणाले, "नोट्स आणू नका म्हणता.
मग हात कुठे ठेवू, तेवढं सांगा."

ऑगस्टात एकदा
ते म्हणाले, भूजल पातळी घटते,
आणि पुढचं पान सापडेना.
त्या शांततेत वैजंता कोळी बोलली,
"सर, पानी सरत नही. खाले जास."
तिचे अप्पा बोरच्या गाडीवर.
आधी लाल माती निघते, मग काळा खडक,
मग भुकटी ओली होते,
अप्पा ती चिमटीत धरतात अन् सांगतात, थांबा.
मग केळीवाल्यांची पोरं उठली,
आमचा बोर इतका, काकांचा इतका,
खडूने फरशीवर गावं मांडली,
सातपुड्याकडच्या जामसिंगने
कोपऱ्यात एक झरा काढला, म्हणाला हा अजून आहे.
वारके सर खाली उकिडवे बसले.
"हा का आटला नसेल रे?"
मी दाराबाहेर होते.
त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर
त्यांनाही ठाऊक नाही, असं मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा डिक्टेशन दिलं.
एक पालक येऊन गेले: पोरीच्या वह्या कोऱ्या का?
समितीच्या फॉर्ममध्ये रकाना आहे,
विद्यार्थीकेंद्री पद्धत, होय किंवा नाही,
सोबत फोटो जोडा.
त्या तासाचा फोटो नाही.
फरशी संध्याकाळी लखूबाईंनी पुसली.

चौथरा होता तिथे
फरशीचा रंग अजून वेगळा आहे,
फिकट, लांबट चौकोन.
मुलं त्याला वळसा घालून जातात,
नसलेल्या पायरीला ठेच लागेल जणू.

काल वैजंताची बस चुकली होती.
धापा टाकत आली
आणि सरळ त्यावरून चालत जागेवर गेली.

मी अजून वळसा घालते.